शाळा–उद्योग सहकार्य
विद्यार्थ्यांना कामाची प्रत्यक्ष ओळख व्हावी म्हणून शाळा, महाविद्यालये आणि रोजगार देणारे यांनी केलेली भागीदारी. उद्योगातील प्रशिक्षणाला भारतात 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कायद्याचा आधार दिला. महाराष्ट्रात शालेय पातळीवर पायाभूत काम केले ते पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया ही कामे तेथे मुले हाताने करून शिकतात आणि गावाच्या गरजेची कामेही करून देतात. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये मासिक विद्यावेतन ठरले.

हे सहकार्य लहान गावात कसे उभे राहील, याचे उदाहरण म्हणून बीड तालुक्यातील मांजरसुंबा घ्या. ते धुळे–सोलापूर महामार्गावर आहे. केज-अंबाजोगाईकडचा रस्ता येथूनच फुटतो. अशा ठिकाणी रोजगार देणारे म्हणजे मोठे कारखाने नव्हेत, तर ढाबे, गॅरेज, टायरची दुकाने. ट्रकचे चाक उतरवून ब्रेक लायनर तपासणारा मिस्त्री नववीच्या मुलाला जे दाखवू शकतो, ते फळ्यावर दाखवता येत नाही. पण मिस्त्रीकडे कागदपत्रांना वेळ नसतो. करारनामा, हजेरी आणि सुरक्षेची जबाबदारी शाळेनेच उचलायला हवी. दुसरी अडचण ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात, मुलेही सोबत जातात. म्हणून येथील प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक जून ते सप्टेंबर या महिन्यांत बसवणे अत्यावश्यक ठरते.