नियमातला 'तो' आणि 'ती'



गटाच्या बैठकीत आपण ठराव करतो. बचत किती, कर्ज आधी कोणाला, बैठकीला आली नाही तर दंड किती, हे सगळं वहीत लिहून खाली सह्या घेतो. अडचण आली की पुढच्या बैठकीत नियम बदलतोही. विद्यापीठाचे नियमही असेच कोणीतरी सभेत बसून लिहितं. फरक एवढाच, की पहिले नियम लिहिले गेले तेव्हा त्या सभेत एकही बाई नव्हती. तो इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. त्याचे नियम इंग्रजीत होते आणि विद्यार्थ्यासाठी जिथे तिथे पुरुषवाचक शब्द होता. म्हणजे 'तो परीक्षेला बसेल', 'त्याला पदवी मिळेल'. पुढे मुलींनी परीक्षेला बसू द्या म्हणून विचारलं, तेव्हा हाच शब्द आडवा आला. नियमात 'ती' नाही, म्हणून प्रवेश नाही! अखेर १८८३ साली विद्यापीठाने ठराव करून मुलींना दार उघडलं. कलकत्ता विद्यापीठाने हे काही वर्षं आधीच केलं होतं.

या दारातून आत गेलेली एक मुलगी आपल्या नाशिकला जन्मलेली होती, कॉर्नेलिया सोराबजी. तिच्या मोठ्या बहिणींना विद्यापीठाने नकार दिला होता. कॉर्नेलिया मात्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. वर्गात सगळी मुलं. ती येताना दिसली की काही जण तिच्या तोंडावर दार लावून घ्यायचे. नियम बदलला होता, वागणूक बदलायची होती. तरीही ती पहिल्या वर्गात पास झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली.

अशा हुशार विद्यार्थ्याला इंग्लंडला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. गुणांनी तिचा हक्क होता, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोचली. तिथे कायद्याच्या परीक्षेचा प्रश्न आला. ही परीक्षा तोवर कुठल्याच बाईने दिली नव्हती. विद्यापीठाला तिच्यासाठी खास ठराव करावा लागला आणि १८९२ मध्ये ती परीक्षेला बसली, पासही झाली. पण पदवी? ती नाही मिळाली. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० मध्ये. कॉर्नेलियाच्या हातात पदवी पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी! पेपर तोच, अभ्यास तोच, फक्त नियमापायी तीस वर्षं.

परीक्षेला बसायला मिळालं, तरी शिकायचं कोणत्या भाषेत? इंग्रजी न येणाऱ्या मुलींनी काय करायचं? हा प्रश्न महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी हाती घेतला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. १९१६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं. तिथला मोठा नियम असा, की शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एसएनडीटी. त्याला सरकारी कायद्याची मान्यता मिळायला मात्र देश स्वतंत्र व्हावा लागला.

मैत्रिणींनो, हे जुनं झालं असं समजू नका. बाळंतपणात हजेरी भरली नाही आणि कॉलेज कायमचं सुटलं, अशा लेकीसुना आपल्या गावागावांत आहेत. आपणही म्हणतो, "नियमच तसा आहे, काय करणार?" पण २०२१ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या विद्यापीठांना कळवलं आहे, की विद्यार्थिनींना बाळंतपणासाठी हजेरीत आणि परीक्षेचे अर्ज भरण्याच्या मुदतीत सवलत देता येईल असे नियम करा. ही गोष्ट किती घरांत माहीत आहे?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. कॉलेजात कोणी "बसत नाही" म्हणालं, तर गप्प परत यायचं नाही. नियम कुठे लिहिला आहे, ते दाखवा म्हणायचं. अर्ज लेखी द्यायचा, त्याची पोच घ्यायची. एकटीला जमत नसेल तर गटातल्या दोघी-तिघींनी सोबत जायचं. नियमात 'ती' नव्हती तेव्हाही बायकांनी विचारलं, म्हणूनच ती आली. येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि शिक्षण सुटलेल्या लेकीसुनांची नावं वहीत लिहा.