अल्-जझाइर : वाळवंटाच्या देशाचे बेटांचे नाव

ज्या देशाचा चार पंचमांशाहून अधिक मुलूख सहाराच्या वाळूने व्यापला आहे, त्याचे नाव 'बेटे' असे असावे, ही मौजच म्हणायची. आपण ज्याला अल्जीरिया म्हणतो, त्याचे अरबी नाव 'अल्-जझाइर'. 'जझीरा' म्हणजे बेट; 'जझाइर' हे त्याचे अनेकवचन. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. मुरूडचा जंजिरा तो हाच. आणि आपल्या जुन्या कागदांत समुद्रातल्या किल्ल्यांच्या नावांमागे 'जंजिरे' असे लावलेले आढळते, तेही यातूनच आले. अरबीत ओहोटीला 'जझ्र' म्हणतात. ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात पायी गेलेल्याला या दोन शब्दांचे नाते निराळे समजावून सांगायला नको.

पण ही बेटे होती कोठे? अल्जीर्स शहराच्या किनाऱ्यालगत काही लहान खडकाळ बेटे होती, एवढेच. तेथे फिनिशियन वंशाच्या व्यापाऱ्यांचे ठाणे होते. त्यांच्या नाण्यांवर 'इकोसिम' असे नाव सापडते. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ 'बेट' असाच लावतात. रोमनांनी त्याचे 'इकोसियम' केले. मग ग्रीक भाषेत 'इकोसि' म्हणजे वीस, म्हणून हर्क्युलिसच्या वीस सोबत्यांनी हे नगर वसविले, अशी गोष्ट रचली गेली. आपल्याकडील स्थलपुराणे वाचणाऱ्यास ही तऱ्हा ओळखीची वाटेल : नाव आधी, कथा मागाहून!

दहाव्या शतकात बुलुग्गीन इब्न झीरी याने जुन्या अवशेषांवर नवे नगर उभारले. तेथील बर्बर टोळीवरून त्याला 'जझाइर बनी मझगन्ना', मझगन्नांची बेटे, असे म्हणत. पुढे टोळीचे नाव गळाले आणि नुसती बेटे उरली.

तीही फार काळ टिकली नाहीत. 1510 मध्ये स्पॅनिशांनी त्यांपैकी एका बेटावर किल्ला बांधून शहरावर तोफा रोखल्या. 1529 मध्ये खैरुद्दीन बार्बरोसाने तो जिंकला, पाडला, आणि त्याचेच दगड घालून बेटे किनाऱ्याला जोडणारा धक्का बांधला. ज्या खडकांनी शहराला नाव दिले, ते त्या दिवसांपासून बेटे राहिले नाहीत.

तुर्की अमलात शहराच्याच नावाने भोवतालचा मुलूखही ओळखला जाई. 1830 मध्ये फ्रेंच आले आणि 1839 मध्ये त्यांच्या सरकारने या साऱ्या प्रांताला 'आल्जेरी' हे नाव अधिकृतपणे दिले. फ्रेंचांकडे शहराला एक नाव आणि देशाला दुसरे. अरबीत मात्र दोहोंना एकच शब्द. 1848 मध्ये तर हा मुलूख फ्रान्सचाच भाग ठरला. म्हणजे नाव नकाशावर होते, देश मात्र कायद्यात नव्हता. 1 नोव्हेंबर 1954 रोजी जे बंड सुरू झाले, ते याच गोष्टीविरुद्ध. परक्या कचेरीने ज्या नावाला सरहद्द आखून दिली, त्याच नावासाठी आठ वर्षे माणसे मेली. 5 जुलै 1962 रोजी ते स्वतंत्र राष्ट्राचे झाले. मला यात विसंगती दिसत नाही. नाव कोणी ठेवले यापेक्षा ते कोणी सोसले, याला अधिक मोल आहे.

अरबी ही या मातीतली एकटी भाषा नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. बर्बरांच्या तमाझिग्त भाषेला 2016 मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. बोलीत मात्र लोक आपल्या देशाला 'द्झायर' म्हणून मोकळे होतात. स्पॅनिशांच्या त्या किल्ल्याच्या जागी आज दीपस्तंभ उभा आहे. तेथवर जायला होडी लागत नाही.