परिहार कोणाला? त्रिरश्मी ते सिन्नर

गतवर्षी वर्षावासाच्या काळात उपासक-उपासिकांचा एक गट घेऊन आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावर गेलो होतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला अभ्यासक देवीलेणे म्हणतात, व्हरांड्याच्या भिंतीवरील शिलालेख वाचून त्याचा अर्थ सांगणे चालू होते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने भिक्खुसंघाला शेत दिले आणि त्या शेताला करांतून व सरकारी उपद्रवांतून सूट दिली, इथवर आम्ही आलो होतो. तेवढ्यात छापखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध उपासक म्हणाले, "सर, भिक्खूंच्या शेताला सूट दिली हे चांगलेच झाले. पण राजाचा खर्च काही कमी झाला नसणार. मग ती रक्कम भरली कोणी?"

पाली आणि प्राकृताच्या अध्यापनात आमची वीस वर्षे गेली. या लेखातील विभक्ती, प्रत्यय आणि संधी यांविषयी विद्यार्थ्यांनी पुष्कळ विचारले. हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. तेव्हा जे अर्धेमुर्धे उत्तर दिले, ते येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम लेख काय सांगतो ते पाहू. नहपानाचा पराभव केल्यानंतर, आपल्या राज्यवर्ष १८ मध्ये, गौतमीपुत्राने गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठविली. पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना द्यावे, अशी ती आज्ञा होती. (हे गोवर्धन म्हणजे गंगापूरच्या वाटेवरील आजचे गोवर्धन गाव होय.) शेताबरोबर जे 'परिहार' दिले आहेत, त्यांचे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. 'अपावेस' म्हणजे राजाच्या शिपायांनी तेथे शिरू नये. 'अनोमस' म्हणजे कोणी त्याला हात लावू नये. 'अलोणखादक' म्हणजे तेथे मिठासाठी खणू नये. 'अरठसविनयिक' म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तेथे अंमल चालवू नये. आणि शेवटी 'सवजातपारिहारिक', म्हणजे सर्व प्रकारची सूट. नाशिकच्या काळ्या मातीत मीठ खणायला कोण येणार, असे वाचकाला वाटेल. पण हे राजशासनाचे ठरावीक सूत्र आहे. जमिनीतील मिठावर राजाचा हक्क आहे, हे गृहीत धरूनच ते लिहिले जाई.

आता हीच यादी उलट बाजूने वाचावी. ज्या शेताला परिहार मिळाला नाही, त्यात शिपाई शिरत होते, अधिकारी अंमल चालवीत होते आणि राजाची माणसे खणत होती. सवलतीची यादी ही भाराचीही यादी असते. भिक्खुसंघाचे एक शेत सुटले, बाकीचे शेतकरी त्या यादीखालीच राहिले. या लेखांचे वाचन आम्ही आजवर केवळ दानाचा गौरव म्हणून केले, ही आमची उणीव आहे.

त्याच भिंतीवर आणखी सहा वर्षांनंतरची, म्हणजे राज्यवर्ष २४ ची, दुसरी आज्ञा आहे. राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे ती गोवर्धनचा अमात्य श्यामक याला पाठविलेली आहे. तिच्यात म्हटले आहे की, कखडी गावातील जे शेत पूर्वी भिक्खूंना दिले होते ते आता कसले जात नाही आणि त्या गावात वस्ती उरलेली नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतापैकी शंभर निवर्तने द्यावीत. वस्ती का उठली याचे कारण लेखात नाही. क्षहरात आणि सातवाहन यांच्या युद्धांत या प्रदेशातून सैन्ये गेली, हे खरे. करांचा जाच हेही एक कारण असू शकेल. त्याला पुरावा नाही आणि आम्ही तसा आग्रह धरीत नाही. परंतु एवढे निश्चित की, शेताला सर्व जातींचे परिहार असूनही गाव ओस पडले. भिक्खूंना बदली शेत मिळाले. कखडीची माणसे कोठे गेली, त्यांना काय मिळाले, याविषयी शासनात एक शब्द नाही.

ओस पडलेल्या गावांची कहाणी पाली वाङ्मयाला अनोळखी नाही. गण्डतिन्दु जातकात पांचाल देशाचा राजा अन्यायाने कर वसूल करतो. दिवसा राजपुरुष लुटतात आणि रात्री चोर. लोक घरांभोवती काट्यांची कुंपणे घालून बायकापोरांसह रानात पळतात. पुढे राजा वेषांतर करून हिंडतो, तेव्हा एका म्हाताऱ्याच्या पायात काटा रुततो आणि तो राजालाच शिव्याशाप देतो. पुरोहित म्हणतो, तुझ्या पायात काटा रुतला यात राजाचा काय दोष? त्यावर म्हातारा कार्यकारण उलगडून सांगतो: करांच्या भीतीने आम्ही रानात राहतो, रानात राहतो म्हणून दाराशी काटे लावतो, आणि काटे आहेत म्हणून ते रुततात. प्रतीत्यसमुत्पादाचे इतके घरगुती उदाहरण दुसरे सापडणे कठीण. कोशागारात घेतलेला निर्णय म्हाताऱ्याच्या टाचेपर्यंत कसा पोचतो, हे त्या कथाकाराला नेमके कळले होते.

उषवदाताच्या दहाव्या लेण्यातील व्यवहार निराळा आहे. हा नहपानाचा जावई, दीनिकाचा पुत्र, शक. त्याने संघासाठी एक शेत दिले, पण ते अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेऊन. शिवाय तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण हा हिशेब त्याच्याशी तंतोतंत जुळतो. नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या, त्यात दमण, तापी आणि डहाणूची नदी यांची नावे आहेत. नावेचे भाडे हे हातावर पोट असणाऱ्यालाच अधिक टोचते. तेव्हा ही सूट कोणासाठी होती ते सांगावे लागत नाही. विणकरांच्या हाती भांडवल आले आणि उताऱ्याची नाव फुकट झाली. राजपुरुषाच्या पैशाने खालच्या माणसाला थोडे बळ येऊ शकते, याचा हा पुरावा आहे. अर्थात त्या तीन हजारांचा उगम कोणत्या वसुलीत किंवा कोणत्या लुटीत होता, हे त्याने कोरलेले नाही. त्याच उषवदाताने ब्राह्मणांना गावेच्या गावे आणि तीन लाख गायी दिल्या, हेही त्याच लेण्यात लिहिलेले आहे.

गौतमी बलश्रीने, पुळुमावीच्या वर्ष १९ मध्ये, आपल्या पुत्राची जी प्रशस्ती कोरविली, तिच्यात दोन विशेषणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. एकात म्हटले आहे की तो धर्माने मिळविलेल्या करांचाच विनियोग करी. दुसऱ्यात म्हटले आहे की त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. पहिल्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो आणि दुसऱ्यावरून घाईने पुढे जातो. तसे करू नये. कर न्यायाने घेणारा राजा वर्णाची चौकट मात्र घट्ट करीत असेल, तर त्या चौकटीत सर्वांत खाली कोण आहे आणि त्याच्याकडून पैशाऐवजी काय घेतले जाते, हे विचारणे भाग आहे.

ते 'काय' म्हणजे वेठ. इ. स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामन अभिमानाने सांगतो की, सुदर्शन तलाव त्याने स्वतःच्या कोशातून दुरुस्त केला. पौर-जानपदांवर कर, विष्टी आणि प्रणय यांचा बोजा टाकला नाही. विष्टी म्हणजे बिनमोल श्रम, आपली वेठ. ज्या गोष्टीपासून सुटका दिली हे राजाला दगडावर कोरावेसे वाटते, ती एरवी सर्रास चालत असणार. पुढील शतकांत परिहारांची भाषा तीच राहिली, लाभार्थी मात्र बदलले. अग्रहार आणि त्यानंतरचे इनाम यांनी ती सूट वंशपरंपरा वरच्या वर्गाकडे नेली. वेठ खालीच राहिली, आणि महाराष्ट्रात तिला एक फसवे नाव मिळाले: वतन.

महारवतन हे दिसायला इनामच. जमीन मिळाली, सारा पूर्ण द्यायचा नाही, थोडी जुडी भरायची. पण त्या तुकड्याच्या बदल्यात सारे कुटुंब रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या हुकमाखाली. सांगावा नेणे, सारा वसुलीसाठी लोकांना बोलावणे, अंमलदाराचे सामान वाहणे, यांपैकी कशालाही नाही म्हणता येत नसे. १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन कागदावर पक्के केले. १९२८ च्या मार्च महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याच्या जागी निश्चित रोख मोबदला आणि इच्छा असल्यास वतनातून मोकळीक, हा त्यातला गाभा होता. ते पुढे गेले नाही. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

आणि मग १९४१ साल येते. युद्ध चालू होते, प्रांतिक मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच राजीनामा दिलेला होता आणि कारभार गव्हर्नर सर रॉजर लमले यांच्या हाती होता. अशा वेळी मुंबई सरकारने या वतनी जमिनींवर वाढीव आकारणी लादली. जी जमीन वेतन म्हणून दिली म्हणायचे, त्या वेतनावरच कर वाढविला. वेठ मात्र होती तशीच. ऑगस्ट १९४१ मध्ये याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नर येथे, महार, मांग आणि वेठिया यांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तेथे ही आकारणी न भरण्याचा मार्ग सांगितला आणि गव्हर्नरांचीही भेट घेतली. अखेर सरकारला ती आकारणी मागे घ्यावी लागली. नाशिकने १९३० चा काळाराम सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची घोषणा जतन केली, ते योग्यच आहे. परंतु मंदिराच्या दारापेक्षा साऱ्याच्या पावतीवर लढली गेलेली सिन्नरची लढाई आपल्या स्मरणातून निसटत चालली आहे, ही खंत आम्ही येथे नोंदवितो.

सिन्नर ही बाबासाहेबांच्या विचारातील तात्कालिक गोष्ट नव्हती. १९२५ च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात जमीनसारा आणि मिठावरील कर गरिबाला कसे पिळतात आणि वरचे वर्ग कसे सुटतात, याची त्यांनी मीमांसा केली होती. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी कौन्सिलातील अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी दोन करांची तुलना केली. प्राप्तिकर उत्पन्न असेल तरच आणि ऐपतीप्रमाणे द्यावा लागतो. जमीनसारा मात्र पीक येवो अथवा बुडो, द्यावाच लागतो, आणि एक एकरवाल्याला दर तोच जो जहागीरदाराला. त्या काळी दोन हजार रुपयांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त होते. पाच-सात एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला एवढे उत्पन्न स्वप्नातही दिसत नसे, आणि तरी तो करदाता होताच. मिठाचे तर काय सांगावे? १९२३ मध्ये मिठावरील कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्यात आला. मध्यवर्ती विधिमंडळाने तो फेटाळला, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकाराने तो लागू केला. वर्षभराने तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. 'अलोणखादक' हा शब्द शिकविताना आम्ही हल्ली हे सांगतो.

आजचे काय, असे वाचक विचारतील. वतने १९५८ च्या कायद्याने गेली. परिहार गेले नाहीत. २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्तीकर रद्द झाला. त्याऐवजी कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के अधिभार आला, हे खरे. सप्टेंबर २०१९ मध्ये अन्य सवलती न घेणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला गेला आणि यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज सरकारनेच सांगितला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर व पिठावर पाच टक्के जी.एस.टी. बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक वस्तूंचे दर खाली आले, याचीही नोंद केली पाहिजे. तरीही वस्तूवरील कराला माणसाची ऐपत दिसत नाही. पाच किलो पिठावर मजूर जेवढे देतो तेवढेच गिरणीमालक देतो, आणि मजुराच्या मिळकतीतला मोठा हिस्सा पिठामिठातच जातो.

वरच्यांना सवलत दिली की ते भांडवल घालतात आणि रोजगार वाढतो, असा युक्तिवाद केला जातो. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त या बाबतीत एकांगी नाही. तेथे व्यापाऱ्यालाही भांडवल देण्यास सांगितले आहे. पण क्रम पाहावा. आधी शेतकऱ्याला बी-बियाणे, मग व्यापाऱ्याला भांडवल, मग राजसेवकाला वेतन. आणि पीडित देशात नवा कर बसविणे हे राजाने करू नये असे काम. हे केल्यावरच राजाचा महसूल वाढला, असे सुत्त सांगते. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तातील राजाने रक्षणाची सारी व्यवस्था केली, फक्त निर्धनांना धन दिले नाही. तेवढ्यावरून दारिद्र्य, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या अशी साखळी सुरू झाली. निर्धनाला न देणे ही त्या सुत्तात राज्यकारभारातील चूक आहे. दयेचा अभाव एवढेच तिचे स्वरूप नाही.

लेण्यावरून उतरताना त्या उपासकांनी सांगितले की, त्यांचे आजोबा सिन्नर तालुक्यातील वतनदार होते. घरात जुडीच्या दोन जुन्या पावत्या आहेत, मोडी मिश्रित, त्यांच्याकडून वाचल्या जात नाहीत. पुढच्या रविवारी त्या घेऊन ते विहारात आले. एका पावतीवरील साल स्पष्ट लागते, रक्कम घडीवर फाटलेली आहे. दुसरीवर गावाचे नाव, नंबर आणि अंगठा आहे. अशा पावत्या नाशिक, निफाड, सिन्नर आणि येवल्याकडील आणखी घरांतून असतील. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी विहारात दाखवाव्यात. वाचून, नक्कल करून मूळ पावती परत केली जाईल.