शेवळं दिसलं की काकड शोधा

चपला काढून ठेवा. इथे कुणाच्याच पायात नाहीत. शंभरएक वर्षं मागे आलाय तुम्ही, डहाणूच्या पूर्वेला, गंजाडच्या रानात. मृगाच्या दोन सरी नुकत्याच कोसळून गेल्यात. तापलेल्या मातीतून वाफा निघताहेत, घाम आणि पाऊस अंगावर एक झालाय. पाड्यातल्या बायका-पोरं टोपल्या घेऊन कलकलाट करत पुढे पळताहेत. कणगीतलं भात तळाला गेलंय, नवं पीक दिवाळीच्या आसपास. तोवर रानच पोसणार.

पाचोळ्यातून एक जांभळट कोंब वर आलाय. ना पान, ना फांदी. तुम्ही सरळ पुढे निघालात, पण वारली आजीनं मनगट धरलं. "बघ ना, शेवळं!" ती खाली बसते, कोंबाचं आवरण सोलते, आतल्या दांड्यावरचा पिवळा, दाणेदार भाग नखानं काढून फेकते. तो का फेकायचा? जिभेला जरासा लावून बघा. लागली ना खाज? घशापर्यंत सुया टोचताहेत आणि पोरं खिदळताहेत. उतारा डोक्यावरच आहे: काकडाची हिरवी, आंबट फळं. म्हणून तर शेवळं दिसलं की बायकांची नजर लगेच झाडांवर जाते. एकट्या शेवळाची ओळख अर्धीच. काकड सापडला की ती पुरी होते.

आता कुडा. पांढरा आणि काळा, दोन्ही तोडले की चीक गळतो. काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. हगवणीवर साल पांढऱ्याचीच उगाळायची. पावसाळ्यात हगवण घरोघरी, तेव्हा ही शेंग ओळखता येणं किती मोलाचं, ते या आयांना विचारा.

झोपडीत धूर कोंडलाय, डोळे चुरचुरताहेत. कारवीच्या कुडाला टेकून बसा. मडक्यात शेवळं, काकड आणि सुकट रटरटतंय. नागलीच्या भाकरीला खरपूस वास सुटलाय. पहिला घास भीत भीत घ्याल, दुसरा नाही.

पोटभर जेवा, पण लवकर झोपा. राख घालून उकडलेल्या कडूकंदाच्या चकत्या टोपलीत भरून ओहळाच्या वाहत्या पाण्यात ठेवल्यात. रात्रभरात कडवटपणा धुऊन जायला हवा. पहाटे टोपली काढताना पहिली चकती आजी स्वतः चाखणार. ती तोंड वाकडं न करता गिळली, तरच पोरांच्या हातात कंद पडणार.