तळटीप : पणजोबांची दोन वये

* लेखकाने या दोन वयांना शिरगणतीचे दाखले म्हटले आहे, ते शब्दशः घेऊ नये. अवधची मोजणी १८६९ साली झाली, आणि देशभर एकाच वेळची पहिली १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. पण विलायतेप्रमाणे नावानिशी पत्रके आपल्याकडे जपली गेली नाहीत. कोष्टके छापली आणि काम संपले. १९०१च्या लखनौची २,६४,०४९ माणसे अहवालात सापडतात, त्यांतला आपला एक सापडत नाही.

तेव्हा लेखकाचे दाखले महसुली कागद आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतले असावेत. इथे खरी गंमत आहे. अवधच्या महसुलात फसली साल, उर्दू-फारसी दस्तांत हिजरी, प्रयागच्या पंड्यांकडे विक्रम संवत, नाशिकच्या नामावळीत शके. वर सांगितलेल्या फेब्रुवारीतल्या दिवशी फसली १२८८, हिजरी १२९८, संवत १९३७ आणि शके १८०२ चालू होते. शके-संवतातला १३५ वर्षांचा फरक कोणाच्याही लक्षात येतो. हिजरी साल फसली म्हणून वाचले, तर मात्र माणूस गुपचूप दहा वर्षे पुढे सरकतो. लेखकाच्या दोन आकड्यांतही नेमके दहाचेच अंतर आहे.

वय सांगताना लोक चाळीस, पन्नास असे ठोक आकडे सांगत, तो घोळ निराळाच. या आवृत्तीत आम्ही नाशिकची नोंद प्रमाण मानली आहे. तिच्यात वय नाही, पण कोण कुणाचा मुलगा हे आहे.