गाळलेले पाणी आणि नारू

मराठवाड्यातील जुन्या पिढीला ‘नारू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळा लागला की खेड्यापाड्यांतून पायाला चिंधी गुंडाळून ओसरीवर बसलेली माणसे दिसत. घोट्याजवळ आग आग होऊन फोड येई, तो फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके बाहेर काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. घाई झाली व जंत आतच तुटला, तर पाय सुजे, पिके आणि रोगी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे. दोन ते तीन फूट लांबीचा हा पाहुणा बाहेर पडे तो नेमका मशागतीच्या आणि पेरणीच्या तोंडावर. त्यामुळे नारूने माणूस सहसा मरत नसे, पण घरातील कर्ता पुरुष पडला की वर्षाचे पीक बुडे.

या रोगाचे मूळ पाण्यात आहे हे लोकांना ठाऊक होते. मात्र पाण्यात नेमके काय, हे १८७० च्या सुमारास फेदचेंको या रशियन संशोधकाने तुर्कस्तानात दाखवून दिले. पायाचा दाह शमावा म्हणून रोगी पाण्यात पाय बुडवतो. त्याच क्षणी मादी लक्षावधी पिल्ले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जलजीव ती गिळतो. हा जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की तो पचून जातो आणि आतील पिल्लू मोकळे होते. पुढे वर्षभराने पायाला फोड येतो. म्हणजे रोग्याचा पाय पाण्याला लागणे आणि ते पाणी न गाळता पिणे, या दोन गोष्टी जुळल्याखेरीज नारू जगूच शकत नाही. माणसाला पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरवणाऱ्या आपल्याकडील बारवांत त्या दोन्ही सहज जुळत. दोराने पाणी शेंदायच्या आडात कोणाचा पाय बुडत नसल्याने तेथे हा धोका फारच कमी होता.

याच प्रदेशात जैन श्रावकाच्या घरी पाण्याच्या घागरीवर दुहेरी गाळणे बांधलेले असे. लातूर हे बलात्कार गणाच्या एका शाखेचे भट्टारकपीठ. सैतवाल व इतर मराठी भाषक जैनांच्या घरांत जलगालनाचा आचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि व्यापारानिमित्त नांदेड-लातूरला स्थायिक झालेल्या मारवाडी कुटुंबांनीही तो आपल्यासोबत आणला. वस्त्र ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद असावे, ते दुहेरी करावे, त्यातून सूर्यबिंब दिसू नये, गाळलेले पाणी मुहूर्तभर म्हणजे ४८ मिनिटे चालावे, ही प्रचलित मर्यादा. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात अयोग्य वस्त्राने पाणी गाळणे हा जसा दोष मानला, तसाच गाळून उरलेले पाणी भलत्याच ठिकाणी सोडणे हाही दोष मानला आहे. त्या उरलेल्या पाण्याला ‘जिवाणी’ म्हणतात. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते परत गेले पाहिजे आणि तेही वरून फेकून नव्हे. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली दोराने खाली सोडून पाण्याच्या पृष्ठभागाशी अलगद उलटी करीत.

जैनांच्या जीवदयेची चर्चा परकीयांनी बहुधा ढेकूण-पिसवांवरूनच केली. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आला होता. तेथे पिसवा-ढेकणांसाठी वेगळी जागा राखलेली असून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तेथे निजवतात, असे त्याने लिहून ठेवले. ही गोष्ट पुढे अनेकांनी चवीने सांगितली. घागरीवरच्या गाळण्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

तरीही जलगालन हा नारूवरील उपाय म्हणून सांगितला गेला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. हेतू पाण्यातील जीव वाचविण्याचा होता. माणसाचा पाय वाचला तो ओघाने. शिवाय शेतावर, प्रवासात किंवा लग्नाच्या पंगतीत न गाळलेले एक तांब्या पाणीही पुरेसे होते. तेव्हा व्रतामुळे समाज सर्वस्वी रोगमुक्त राहिला असा दावा करणे योग्य ठरणार नाही. आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे. जिवाणीबरोबर सायक्लॉप्स जिवंतच बारवेत परत जाई. श्रावकाचे घर सुरक्षित राही, पण बारव होती तशीच राही. तिच्यावर पाणी भरणाऱ्या शेजाऱ्याच्या घागरीवर गाळणे नसे. व्रत उंबऱ्याच्या आत राहिले, याची नोंद गौरवाच्या लेखातही व्हायला हवी.

बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरला पोहोचली. याच रेल्वेच्या सेवेतील क्नुट लिंडबर्ग या स्वीडिश डॉक्टरांनी १९३० च्या दशकात दख्खनच्या खेड्यांत नारूचा आणि सायक्लॉप्सच्या जातींचा बारकाईने अभ्यास केला. त्यानंतरही अर्धे शतक रोग टिकून होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या, हातपंप आले. या पंपांच्या घडणीत जालना आणि सोलापूर येथील कारागिरीचाही वाटा आहे. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह ७ राज्यांत सुमारे ४० हजार रुग्ण होते. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन सांगितले ते दोनच शब्दांत मांडता येईल : पाणी गाळा. जोडीला रोग्याला पाण्यात उतरू न देणे, बारवांच्या पायऱ्या बंद करणे आणि पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकणे हे उपाय होते. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. जगभरात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ साली ते १४ वर आले.

या रोगावर लस नाही आणि जंत मारणारे खात्रीचे औषधही नाही. गाळण्याने तर एकही जीव मारला जात नाही. जंताला माणूस मिळत नाही, एवढेच होते. टेमेफॉसची गोष्ट निराळी. ते सायक्लॉप्स मारण्यासाठीच टाकतात, आणि श्रावकाच्या दृष्टीने ते आरंभी हिंसेपेक्षा संकल्पी हिंसेच्या अधिक जवळ जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या गावाने पायरी बंद करून हातपंप बसविला आणि प्रत्येक घागरीवर कापड बांधले, तेथे त्या औषधाची गरज उरत नव्हती.

कापडाचा गुण नारूपुरता नाही, हेही पुढे दिसून आले. बांगलादेशातील मतलब भागात केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतूही सायक्लॉप्सच्या जातकुळीतील जलजीवांना चिकटून राहतात. कावीळ मात्र कापडाने अडत नाही. त्यासाठी पाणी उकळण्याचाच नियम कामी येतो.

आज नांदेड आणि लातूरमध्ये घरोघरी नळ आहेत. टंचाईत टँकर येतो. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नळाच्या तोंडाला गाळणे बांधणारी घरे अजून आहेत, पण पाणी कोणत्या धरणाचे, कोणत्या विहिरीचे, हे गाळणाऱ्याला ठाऊक नसते. गाळणे उलटे करून धुतल्यावर ती जिवाणी नेमकी कोठे सोडायची, हा प्रश्न आजही मुनिमहाराजांना विचारला जातो.