जूं, कडी आणि तांबडा दिवा

दसरा उलटला आणि बाजरीची काढणी उरकली कीं, बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या माळावरचीं गांवें रितीं होऊं लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर या भागांतील हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायकोच्या जोडीला येथें 'कोयता' म्हणतात. कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, अशी या धंद्याची चौकट आहे. ट्रॅक्टरमागील ट्रॉलींत भांडींकुंडीं, धान्याचीं पोतीं, कोपीचें सामान, शेळ्या-कोंबड्या आणि लेंकरें भरून हा संसार रात्रीच्या वाटेला लागतो.

विलायतेंतहि फिरत्या घराची चाल आहे; पण तिचें मूळ निराळें. १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनीं केवळ हौसेखातर घोड्यांनीं ओढावयाचें एक सुबक घर करून घेतलें, आणि १९०७ सालीं अशा हौशी प्रवाशांचा क्लबहि निघाला. पुढें घोडे जाऊन मोटार आली. तिकडे घर चाकांवर चढलें तें सहलीसाठीं. बालाघाटावर तें चढलें पोटासाठीं. तथापि प्रश्न दोहोंकडे एकच आहे: एक वाहन दुसऱ्यास जोडावें कसें, आणि मागल्या वाहनाचें अस्तित्व अंधारांत येणाऱ्यास कळावें कसें?

या प्रश्नाचें पहिलें उत्तर बैलगाडीनें दिलें होतें. धुरीच्या टोंकाशीं जूं आवळलेलें असे आणि जुंवाच्या शिवळांमध्यें बैलांच्या माना असत. भार मागें गेला तर गाडी उलाळ होई आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जाई. भार पुढें आला तर ती धुरीला जड होऊन बैलांच्या माना सोलत. म्हणून ओझें किंचित् धुरीकडे ठेवावें, हा गाडीवानाचा पिढीजात हिशेब होता. आजचा यंत्रज्ञ मोटारीमागें घर जोडतांना हाच हिशेब करतो: मागें जड झालेली गाडी वेगांत सापासारखी वळवळूं लागते, म्हणून जोडणीवर थोडा भार राहिलाच पाहिजे.

बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य संपलें. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० च्या सुमारास, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या मागोमाग कारखाने वाढले, ऊस वाढला आणि तो तोडण्यास माणसें हवीं झालीं. बालाघाटावर जमीन हलकी व पाऊस बेभरवंशाचा. १९७२ च्या दुष्काळानें तर उरलासुरला धीरहि खचविला. लोक बैलगाड्या जुंपून निघाले. लांकडी चाकांच्या जागीं रबरी टायर आले. १९५९ सालीं फरिदाबादेस आयशर कंपनीचा पहिला देशी ट्रॅक्टर तयार झाला, आणि पुढील दशकांत यंत्राची ही ओढ हळूहळू खेड्यापाड्यांत पोंचली. एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या, हें चित्र आज सर्वांच्या परिचयाचें आहे.

येथें जुंवाची जागा कडी आणि पिन यांनीं घेतली. ट्रॅक्टराच्या पाठीमागें जो ओढदांडा असतो, त्याची उंची हा कांहीं लहरीचा विषय नव्हे. ओढ मागील आंसाच्या खालून घेतली तर ट्रॅक्टर जमिनीस धरून राहतो. वरून घेतली तर चढावर पुढचीं चाकें उचललीं जाऊन तो मागें उलथूं शकतो. पिन भोंकाच्या मापाची हवी. ढिली पिन प्रत्येक खड्ड्यास आपटून कडी झिजविते. पिनेच्या खालच्या टोंकास अटकाव नसेल तर ती उसळून निघते. म्हणून जोडणीखेरीज एक सांखळी लावावयाची असते. पिन दगा देईल त्या क्षणीं सांखळीनें ट्रॉली धरून ठेवावी. घाटाच्या उतारावर तर जोडणीची खरी परीक्षा होते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि मागील भार ओढला जाण्याऐवजीं पुढच्यास ढकलूं लागतो.

दुसरें अंग विजेचें. ट्रॅक्टराच्या मागील सात खुंट्यांच्या सॉकेटांतून बारा व्होल्टचा प्रवाह ट्रॉलीकडे जातो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार पिंवळी तार डाव्या वळणदिव्याची, हिरवी उजव्याची, तांबडी ब्रेकदिव्याची, काळी व तपकिरी मागील डाव्या-उजव्या दिव्यांची, निळी धुक्यांतील दिव्याची आणि पांढरी परतीच्या प्रवाहाची. बहुतेक खोडी या पांढऱ्या तारेंतच सांपडतात. ती गंजली किंवा सुटली कीं प्रवाह भलत्या वाटेनें परततो. वळणाचा खटका दाबावा तो मागला दिवा मिणमिणावा, असा घोटाळा होतो. दोन ट्रॉल्या असतील तेथें पहिलीच्या अंगावरून तार दुसरीपर्यंत न्यावी लागते, आणि नेमकी हीच कडी बहुधा तुटलेली असते. जेथें दिव्याची सर्वांत अधिक गरज, तेथेंच अंधार! त्यांत उसाच्या मोळ्या मागें लोंबत असल्या तर असलेला दिवाहि झांकला जातो.

दर हंगामांत उसाच्या वाहनांवर मागून वाहनें आदळल्याच्या वार्ता येतात. १९८८ चा मोटारवाहन कायदा आणि १९८९ चे नियम यांनीं मागील दिवे व तांबडे परावर्तक बंधनकारक केले आहेत. ट्रॉली मालासाठीं आहे, माणसांसाठीं नव्हे, हेंहि कायदा सांगतो. परंतु ज्यांना गांवाहून फडापर्यंत पोंचण्याचें दुसरें साधन मिळत नाहीं, त्यांना हें वाक्य ऐकवून काय उपयोग? त्यांच्यासाठीं निराळ्या वाहनाची तजवीज होईपर्यंत ट्रॉलीची कडी, सांखळी आणि दिवा नीट असणें हें वाहनाच्या मालकाचें, मुकादमाचें आणि कारखान्याचें कर्तव्य ठरतें. परावर्तकाची एक पट्टी व एक सांखळी यांचा खर्च गाडीभर उसाच्या किंमतीपुढें नगण्य आहे.

जुना गाडीवान तिन्हीसांजेस गाडी थांबवून कंदिलाची कांच राखेनें पुसत असे, आणि वात पेटवून तो कण्याखालीं टांगीत असे. बैलांना त्या उजेडाची तितकीशी गरज नव्हती. तो मागून येणाऱ्यासाठीं होता. सात तारांच्या सॉकेटाचें कार्य याहून निराळें नाहीं. शेवटल्या ट्रॉलींत पोत्यांवर निजलेलें लेंकरूं सकाळीं फडावर सुखरूप जागें व्हावें, एवढ्यासाठींच तो तांबडा दिवा रात्रभर तेवत राहावयास हवा.